घरघंटी आत्याच्या मागे कशी लागली

आमची आत्या इचलकरंजीला असते, आणि फोन आपलं बोलणं ऐकतो याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नाही. तिच्याकडे पुरावा आहे. मागच्या हिवाळ्यात रात्री जेवताना ती म्हणाली, "दळण घेऊन गिरणीत जायचा आता कंटाळा येतो बाई, घरघंटीच घेऊन टाकू." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी एकादशी कधी आहे ते बघायला तिनं फोन उघडला, तर तिथीच्या खाली घरघंटी. उपवासाच्या थालिपीठाची कृती शोधली, तिथं घरघंटी. कीर्तन लावलं तर बुवा उभे राहायच्या आधी घरघंटी.

"मी कुठं काय टाईप केलं होतं? नुसतं बोलले," आत्या मला फोनवर म्हणाली. "तू त्यातलाच ना? सांग मग."

त्यातला म्हणजे वेबसाइट बनवणाऱ्यांतला. गेली बारा वर्षं पुण्यात मी हेच करतो. पानावर जाहिरातीसाठी चौकोन सोडायचा आणि जाहिरातवाल्यांनी पाठवलेला कोड त्यात चिकटवायचा, हे काम माझ्या हातून किती वेळा झालंय त्याला गणती नाही. त्यामुळे या खटल्यात मी साक्षीदारापेक्षा आरोपीच्या पिंजऱ्यात जास्त शोभतो. तरी सांगतो.

आधी ते ऐकण्याचं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी १७,००० हून अधिक अँड्रॉइड ॲप तपासली. गुपचूप मायक्रोफोन चालू करून आवाज बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. स्क्रीनवर काय चाललंय त्याचं चित्रण तिसऱ्याच कंपनीला पाठवणारं मात्र सापडलं, आणि मला विचाराल तर ते जास्त गंभीर आहे. व्यवहारानं बघितलं तरी घराघरातलं बोलणं दिवसभर ऐकायचं, त्यातून टीव्हीचा आवाज, कुकरच्या शिट्ट्या आणि भांडणं वगळायची, मग कोल्हापुरी मराठी समजून घ्यायची, हा घाट फार महागात पडेल. बॅटरी दुपारपर्यंतही टिकायची नाही. आणि एवढं करायची गरजच नाही, कारण तीच माहिती याहून स्वस्तात मिळते.

मी दादाला, म्हणजे आत्याच्या मुलाला, विचारलं. त्या रात्री झोपण्यापूर्वी त्यानं आपल्या फोनवर चार कंपन्यांच्या घरघंट्यांचे दर काढले होते. आईला आश्चर्याचा धक्का द्यायचा बेत होता. घरातले सगळे फोन एकाच वायफायवर आहेत, त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला ते एकाच आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या एकाच क्रमांकावर, दिसतात. एका पत्त्यावरचा एक फोन घरघंटी बघतोय म्हटल्यावर त्याच पत्त्यावरच्या बाकीच्या फोनांनाही ती दाखवून बघायची, ही या धंद्यातली जुनी रीत आहे. आश्चर्याचा धक्का जाहिरातवाल्यांनीच देऊन टाकला.

पण मग प्रश्न उरतो: दादा ज्या दुकानाच्या साइटवर गेला, त्या दुकानाचा आणि पंचांगाच्या साइटचा काय संबंध? काहीच नाही. संबंध तिसऱ्याचाच आहे.

चपलांचा बिल्ला

वेबला मुळात स्मरणशक्ती नाही. तुम्ही पान मागितलंत, समोरच्या संगणकानं दिलं, विषय संपला. पुढच्या क्षणी दुसरं पान मागितलंत की त्याच्या लेखी तुम्ही पुन्हा अनोळखी. नुसतं वाचायचं असेल तर यानं काही बिघडत नाही. दुकान थाटायचं तर पंचाईत. गिऱ्हाइकानं टोपलीत साबण टाकला आणि तेल बघायला वळलं की साबण कुणाचा हेच दुकानदार विसरलेला. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँतुली या प्रोग्रॅमरनं यावर तोड काढली आणि तिला कुकी असं नाव दिलं.

कुकी म्हणजे देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडचा बिल्ला. त्या पत्र्याच्या तुकड्यावर ४१७ असा आकडा असतो, बाकी काही नाही. तुमचं नाव, गाव, चपलेचा नंबर, काहीच नाही. खरी माहिती स्टँडवाल्याच्या कप्प्यात. तुम्ही बिल्ला दाखवला की त्याला कळतं कोणता कप्पा. साइटही तसाच एक आकडा तुमच्या ब्राउझरच्या हातात देते आणि पुढच्या वेळी ब्राउझर तो न सांगता पुढे करतो. तुम्ही लॉगिन केलेलं टिकतं, टोपलीतला साबण टोपलीत राहतो, ते यामुळेच.

माँतुलीनं एक शहाणपण केलं होतं. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक देऊन टाकणं सोपं होतं, ते त्यानं टाळलं, कारण मग कुणीही तुमचा माग साऱ्या वेबभर काढला असता. नियम असा ठेवला की ज्या साइटनं बिल्ला दिला, तिलाच तो दाखवायचा. सिद्धिविनायकाचा बिल्ला महालक्ष्मीला चालायचा नाही.

नियम चांगला होता, पण त्याला भगदाड पडलं. वेबचं पान एका ठिकाणाहून येत नाही. मजकूर एकीकडून, चित्रं दुसरीकडून, अक्षरांचे टाईप तिसरीकडून, आणि जाहिरातीचा चौकोन जाहिरात कंपनीच्या संगणकावरून. प्रत्येक ठिकाणाला आपापला बिल्ला द्यायची मुभा. आत्याला वाटतं आपण पंचांगाच्या साइटवर गेलो. प्रत्यक्षात तिच्या ब्राउझरनं त्या एका पानासाठी चाळीस-पन्नास दारं ठोठावलेली असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्या पदराला बिल्ला अडकवलेला असतो. लॅपटॉपवर एफ-१२ दाबून 'नेटवर्क' हा भाग उघडा आणि मग एखादी बातम्यांची साइट लोड करा. खाली पत्त्यांची यादी सरसर वाहायला लागते, बातमीचं पहिलं वाक्य वाचून व्हायच्या आत शंभरी गाठते. मी नव्या मुलांना कामावर घेतो तेव्हा पहिल्या दिवशी हेच दाखवतो. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता समजा गावातल्या झाडून सगळ्या चप्पल स्टँडचं कंत्राट एकाच माणसाला मिळालं. देऊळ, सराफाचं दुकान, दवाखाना, वधूवर सूचक मंडळ, वकिलाचं ऑफिस, सगळीकडे त्याचीच पोरं बसलेली, आणि बिल्ला परत घ्यायची पद्धतच नाही. तुम्ही तोच घेऊन फिरता आणि दारात नुसता दाखवता. रात्री कंत्राटदार वही उघडतो: ४१७ सकाळी देवळात, अकराला स्त्रीरोगतज्ज्ञाकडे पाऊण तास, मग सराफाकडे पाच मिनिटं, काही न घेता बाहेर. तुमचं नाव त्याला ठाऊक नाही. त्याचं काही अडतही नाही. "आम्ही नाव साठवत नाही" असं जाहिरात कंपन्या सांगतात ते शब्दशः खरं असतं, आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो.

हे कंत्राट घेणारी पहिली मोठी कंपनी होती अमेरिकेतली डबलक्लिक. हॉटवायर्ड या साइटवर वेबवरची पहिली गाजलेली पट्टी-जाहिरात झळकली ती २७ ऑक्टोबर १९९४ ला, म्हणजे ज्या वर्षी कुकी आली त्याच वर्षी. दोन-चार वर्षांतच पट्ट्या आणि बिल्ले यांची जोडी जमली. धोका तेव्हाच कुणाच्या लक्षात आला नाही असं नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम लिहिणाऱ्या मंडळींनी कुकीचं जे पहिलं प्रमाण काढलं, त्यात अशा परस्पर तिसऱ्याच्या कुकी आपोआप घेऊ नयेत असंच म्हटलं होतं. ब्राउझर कंपन्यांनी तिकडे काणाडोळा केला. २००७ मध्ये गूगलनं डबलक्लिक ३१० कोटी डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं आणि पुढच्या वर्षी व्यवहार पुरा झाला.

कंत्राटदार अर्थात एकच नाही, अनेक आहेत. मग ते आपसात वह्या जुळवतात. "माझा ४१७ म्हणजे तुझा ब-८८ का?" "हो." याला कुकी सिंक म्हणतात आणि हे तुम्ही पान उघडता त्याच क्षणी मागच्या मागे होतं.

यात आपल्याकडची एक खास भर. मॉलमध्ये बिलाच्या काउंटरवर "मॅडम, मोबाइल नंबर?" असं विचारतात ना, तो नंबर फक्त पॉइंटांसाठी नसतो. दुकानं आपल्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी गूगल, मेटा यांच्या जाहिरात यंत्रणेत चढवू शकतात. नंबर तसाच जात नाही, त्याचं ठरावीक गणितानं एका लांबलचक संकेतात रूपांतर होतं. पण तुम्ही त्याच नंबरानं तिकडे खातं उघडलंय, आणि तिकडेही तेच गणित. दोन संकेत जुळले की तुळशीबागेतली खरेदी आणि रात्रीचं रील एका माणसाच्या खात्यावर. आत्यानं घरघंटी शेवटी गल्लीतल्या ओळखीच्या दुकानातून रोखीनं घेतली, नंबर दिला नाही. त्यामुळे वहीत नोंद राहिली ती "बघितली, घेतली नाही" एवढीच. घरघंटी स्वयंपाकघरात भाकरीचं पीठ काढत होती आणि तिची जाहिरात पुढचे तीन आठवडे दहा टक्के सूट देत फिरत होती. या यंत्रणेला सर्वज्ञ समजून घाबरणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो. ती सर्वज्ञ नाही. नुसती चिकट आहे.

लासलगावचा लिलाव, फक्त उलटा

आता आत्याच्या पंचांगाच्या पानावरच्या त्या चौकोनात घरघंटीच का येते, साड्या का नाही? कारण तो चौकोन दर वेळी लिलावात निघतो. पान उघडायला लागलं की लिलाव सुरू, आणि साधारण शंभर मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, खलास.

लासलगावला कांद्याचा लिलाव बघितला असेल तर चित्र डोळ्यापुढे येईल. ट्रॅक्टर-ट्रॉली उभी, भोवती व्यापाऱ्यांचा घोळका, कुणी दोन कांदे हातात घेऊन दाबून बघतो, बोली चढते, तुटते, घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. इथं ट्रॉलीच्या जागी आत्या आहे. जाहिरातींचा बाजार चालवणारी कंपनी अनेक बोलीदारांना एकाच वेळी एक चिठ्ठी पाठवते. चिठ्ठीत साधारण हे असतं. पानाचा पूर्ण पत्ता, म्हणजे आत्या काय वाचतेय ते. चौकोन किती मोठा, बहुतेकदा ३०० बाय २५०. फोनचा मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, फोनची भाषा मराठी. आयपी पत्ता. ठिकाण, साइट असेल तर आयपीवरून अंदाजे, पण ॲप असेल आणि त्याला लोकेशनची परवानगी दिलेली असेल तर थेट अक्षांश-रेखांश. बिल्ल्याचा आकडा. जन्मसाल आणि स्त्री की पुरुष यांचेही रकाने असतात, माहीत असेल तर भरायचे. आणि शेवटी किमान दर, हजार वेळा दाखवण्यामागे इतके डॉलर असा.

बोलीदारांचे संगणक तो आकडा आपापल्या वहीत शोधतात. घरघंटीवाल्यांच्या बाजूनं बोलणाऱ्याला तो सापडतो, तो थोडी जास्त बोली लावतो, जिंकतो. आत्याची ती एक नजर काही पैशांना विकली गेलेली असते. पैसे, रुपये नव्हेत.

लासलगावात ज्या व्यापाऱ्याची बोली पडली तो हात झटकून पुढे जातो, कांदा त्याच्याबरोबर जात नाही. इथं उलट आहे. हरलेल्या प्रत्येक बोलीदारानं चिठ्ठी वाचलेली असते. ठेवू नका असं करारात लिहिलेलं असलं तरी ती ठेवायला त्याला कोण अडवतंय? २०२४ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगानं मोबाइलवाला नावाच्या कंपनीवर नेमका हाच ठपका ठेवला. नाव ऐकून रिचार्जचं दुकान वाटेल, पण ही माहिती विकणारी कंपनी. आयोगाच्या म्हणण्यानुसार ती लिलावात बसायची आणि बोली जिंकली नाही तरी चिठ्ठ्या साठवायची. जानेवारी २०१८ ते जून २०२० या अडीच वर्षांत ५० कोटींहून अधिक जाहिरात क्रमांक, म्हणजे फोनांचे बिल्ले, त्यांच्या अचूक ठिकाणांसकट तिच्याकडे जमले होते. एखादा फोन रोज रात्री कुठल्या छपराखाली असतो आणि दिवसा कुठल्या, हे कळल्यावर नाव शोधायला पोलीस लागत नाहीत. त्याच फोननं कुठल्या दवाखान्यात, प्रार्थनास्थळात किंवा मोर्चात हजेरी लावली तेही त्याच कागदावर. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा धोका इथं आहे. आत्याला घरघंटी दिसली हा त्यातला सगळ्यात निरुपद्रवी भाग, पण दिसतो तोच, म्हणून आपण त्याच्याबद्दलच बोलत बसतो.

वहीत कसले शेरे असतात याचाही एकदा पत्ता लागला. २०२३ मध्ये द मार्कअप या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या हाती झँडर या मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या जाहिरात-बाजाराची यादी आली. माणसांचे सुमारे साडेसहा लाख कप्पे होते तिच्यात. गरोदरपणाच्या चाचणीचे संच वारंवार घेणारे, नैराश्याकडे झुकलेले, अशा धाटणीचे. यातला एखादा कप्पा चुकून तुमच्या नावावर, म्हणजे आकड्यावर, पडला तर तुम्हाला कधी कळायचंही नाही.

लासलगावचं उदाहरण आणखी एका जागी मोडतं. तिथं शेतकऱ्याचा आडत्या वेगळा, खरीददार व्यापारी वेगळा आणि वर बाजार समिती. इथं साइटच्या वतीनं चौकोन विकायचं सॉफ्टवेअर गूगलचं, जाहिरातदाराच्या वतीनं खरेदी करायचं गूगलचं, आणि ज्या आवारात लिलाव होतो ते आवारही गूगलचं. विक्रीची यंत्रणा आणि लिलावाचं आवार या दोन बाजारांत गूगलनं बेकायदा मक्तेदारी केली, असा निकाल एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या संघीय न्यायालयानं दिला.

बिल्ला नको म्हटलं तर

सफारी ब्राउझरनं मार्च २०२० पासून तिसऱ्यांच्या कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सनं त्याआधी, सप्टेंबर २०१९ पासून, माग काढणाऱ्या ओळखीच्या कंपन्यांच्या कुकी अडवायला सुरुवात केली होती. राहिला क्रोम, जो आपल्याकडे जवळपास प्रत्येकाच्या हातात आहे. जानेवारी २०२० मध्ये गूगल म्हणालं, दोन वर्षांत काढतो. मग म्हणालं २०२३. मग २०२४. मग २०२५. जुलै २०२४ मध्ये म्हणालं, राहू देत. जाहिरातींवर जगणाऱ्या कंपनीनं ब्राउझर बनवला तर असंच व्हायचं, मला त्यात फारसं नवल वाटलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्या बंद करायची सोय क्रोममध्ये आहे, पण ती आपण होऊन शोधावी लागते.

मग लोक म्हणतात, मी इन्कॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी, वापरतो. काळी खिडकी उघडणं म्हणजे स्टँडवरून निघताना बिल्ला कचऱ्यात टाकणं. घरी गेल्यावर खिशात काही सापडत नाही एवढंच. नवऱ्याच्या वाढदिवसाची भेट लपवायला उत्तम. पण जितका वेळ आत होता, तितका वेळ साइटला, इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि पानावर बसलेल्या तिसऱ्यांना तुम्ही दिसतच होता. इन्कॉग्निटोमध्येही माग काढल्याबद्दल २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर खटला झाला आणि २०२४ च्या तडजोडीत गूगलनं अशा अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं.

आणि समजा बिल्ला घेतलाच नाही. स्टँडवरचा पोरगा मुरलेला असेल तर तो चपलाच ओळखतो. कोल्हापुरी, आठ नंबर, डाव्या पायाची टाच झिजलेली, अंगठ्यापाशी लाल दोऱ्यानं शिवलेलं. अशा चपला गावात दुसऱ्या कुणाच्या असणार? ब्राउझरचंही असंच. स्क्रीन किती बाय किती, कोणते फाँट बसवलेत, घड्याळ कुठल्या देशाच्या वेळेवर, फोननं एक आकृती काढून दाखवली तर तिच्या कडा नेमक्या कशा उमटतात, यातली एकेक गोष्ट किरकोळ, पण सगळ्यांची मोळी बांधली की तुम्हीच. याला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. २०१० मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं सुमारे ४ लाख ७० हजार ब्राउझर असे तपासले, तर ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. फोनवर हे जरा कठीण जातं, कारण एकाच मॉडेलचे लाखो फोन सारखेच असतात. कुकी निदान पुसता येते, चपला कुठं टाकणार? २०१९ मध्ये गूगलनं स्वतःच हा प्रकार चुकीचा म्हटला होता. फेब्रुवारी २०२५ पासून मात्र आपल्या जाहिरातदारांवर असलेली त्याची बंदी त्यांनी सैल केली.

कायदा काय करतोय? युरोपात २०१८ पासून जीडीपीआर हा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आहे, आणि जगभरच्या साइटवर "आम्ही कुकी वापरतो" ही जी पाटी नाचते ती मुख्यतः युरोपच्या कायद्यांमुळे. 'सगळं स्वीकारा' हे ठळक निळ्या बटणात आणि नकार तीन पानं आत, अशी रचना करण्याचे पैसे मीही घेतलेत. फ्रान्सच्या नियामकानं जानेवारी २०२२ मध्ये याच चलाखीबद्दल गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड केला. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यातल्या दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल, म्हणजे मराठीतही. ती मराठी वाचून कळेल अशी असेल का, हे मी सरकारी जीआर वाचलेत म्हणून विचारतो.

जाहिरातीच नकोत असं माझं म्हणणं नाही. पंचांगाची ती साइट चालवणाऱ्यालाही पोट आहे. पण दिवाळी अंकात अत्तराची आणि बँकेची जाहिरात असते, ती छापायला कुणी तुमचा पाठलाग करत नाही. पंचांगाच्या पानावर पूजासाहित्य, पाककृतीच्या पानावर घरघंटी, हे पानावरूनच ठरवता येतं, माणसावरून ठरवायची गरज नाही. नेदरलँड्सच्या एनपीओ या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं २०२० मध्ये माग काढणाऱ्या कुकी बंद करून असंच केलं, आणि जाहिरातींचं उत्पन्न घटायच्या ऐवजी वाढलं. सरकारी पाठबळ असलेल्या संस्थेला जमलं म्हणून छोट्या मराठी साइटला जमेलच असं नाही, पण मधल्या कंत्राटदारांचा वाटा वाचतो हे तर खरंच.

आत्याचा फोन

संक्रांतीला गेलो तेव्हा फोन हातात घेतला. वीस मिनिटांचं काम. सेटिंगमध्ये गूगल, त्यात जाहिराती, तिथं 'जाहिरात आयडी हटवा'. ॲपच्या जगात बिल्ल्याचं काम हा आयडी करतो आणि अँड्रॉइड १२ पासून तो कायमचा पुसता येतो. (आयफोनवाल्यांना ॲपलनं एप्रिल २०२१ पासून 'माग काढू द्यायचा का' असं ॲपगणिक विचारायला सुरुवात केली, तिथं 'नको' म्हणायचं.) मग फायरफॉक्स टाकला आणि त्यात युब्लॉक ओरिजिन हे जाहिरातरोधक बसवलं, कारण अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये अशी जोडणी बसत नाही. क्रोम ठेवला, पण त्यातल्या तिसऱ्यांच्या कुकी बंद केल्या.

मग लोकेशनची यादी. टॉर्चच्या ॲपला लोकेशन कशाला हवं होतं ते देव जाणे, ते काढलं. पंचांगाच्या ॲपवर मात्र आत्यानं हात धरला.

"ते काढू नकोस. सूर्योदय गावाप्रमाणे बदलतो, तिथी चुकेल."

बरोबर होतं तिचं. पण सूर्योदयाला इचलकरंजी पुरते, गल्ली लागत नाही. 'अचूक लोकेशन' तेवढं बंद केलं, 'अंदाजे' ठेवलं. तिथी चुकली नाही.

आठवड्यानं तिचा फोन आला. "ती घरघंटी गेली रे. पण साड्याही गेल्या. पैठणीचा एक सेल दिसत होता रोज, तोही दिसेना."

"परत चालू करू का?"

ती जरा थांबली. "नको, राहू दे. तू तेवढा तो सेल बघून सांग मला."

मी ऑफिसच्या लॅपटॉपवर बघून सांगितला. गेले दहा दिवस मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवायला घेतली की उजव्या कोपऱ्यात मोरपंखी पैठणी झळकते.